घाम आला का?

औषधाच्या दुकानात त्या सकाळी गर्दी नव्हती. मी पॅरासिटामॉलची दुसरी बाटली घेतली, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं घेतली, आणि दुकानदार "साथच आहे हो तापाची" म्हणाला तेव्हा नुसती मान डोलावली. साथ आहे हे ऐकून बापाला बरं वाटतं. सगळ्यांच्याच पोरांना आहे, मग आपल्याही पोरीचा उतरेल, असं तो स्वतःची समजूत घालतो.

माझी मुलगी दीप्ती, आम्ही दिपू म्हणतो, तेव्हा बालवाडीत होती. तिचा ताप काही केल्या हटत नव्हता. औषध दिलं की जरा उतरायचा, औषधाचा असर संपला की पुन्हा चढायचा. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं होतं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. "व्हायरल दिसतोय, घरी सांभाळता येईल," त्या म्हणाल्या होत्या, "पण डोळ्यांत तेल घालून सांभाळा. औषध वजनाप्रमाणे आणि वेळ पाळून. पाणी पाजत राहा. लघवी होतेय ना, तुम्हाला ओळखतेय ना, ते बघा. अंगात एक सुती झबलं, बस. पांघरूण नको, खिडकी उघडी. तापाला जायला वाट ठेवा. आणि डोळे फिरवले, अंग ताठ केलं, तर घरचे उपाय तिथेच बंद. उचलायचं आणि आणायचं."

मी रात्रशाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे दिवसा घरी मीच. पायलची, माझ्या बायकोची, नोकरी ठाण्याला, आणि तिची रजा संपलेली. घर विठ्ठलवाडीला, रेल्वेच्या बाजूने, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. समोरच्या दारात शीलाकाकू. मूळच्या कणकवलीकडच्या, एकट्या राहतात आणि अख्ख्या मजल्याची खबर ठेवतात. आमच्या घराची एक चावी त्यांच्याकडे असायची, त्यांची आमच्याकडे. आमच्या इमारतीत असंच चालतं. शेजाऱ्याकडे चावी नसली की लोकांना वाटतं, यांचं भांडण झालंय.

आणखी एक सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. माझे वडील चांगदेव यांनी भूत, भानामती, दृष्ट, अंगारा यातलं काहीही घराच्या उंबऱ्याआत येऊ दिलं नाही. माझ्याही घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि बाकी कशाला जागा नाही. चमत्कार नसतात हे पटवायला शाळेत मी पोरांना जिभेवर कापूर जाळून दाखवतो. शीलाकाकू अधूनमधून मुठीत मीठ-मिरच्या घेऊन दारात यायच्या, दिपूची दृष्ट काढू का म्हणून. मी म्हणायचो, "काकू, मिरच्या वाया नका घालवू, इकडे द्या, भजी तळतो." त्या हसायच्या. इतकं आमचं बरं होतं.

तर त्या सकाळी "काकू, दिपू झोपलीय, जरा लक्ष ठेवा, मी खालून आलोच" असं सांगून मी गेलो आणि लगेच परत आलो. दार उघडलं तर आत काळोख. खिडकी लावलेली, पडदा ओढलेला, पंखा बंद. पलंगावर दिपू दिसेना. दिसत होती ती नुसती गोधडी.

ही गोधडी आम्हाला घराबरोबरच मिळालेली. राहायला आलो तेव्हा माळ्यावरच्या कोपऱ्यात घडी करून ठेवलेली होती. लहान मुलाच्या मापाची, जुन्या साड्यांची, बारीक टाक्यांची, मधोमध हिरव्या काठाचा एक तुकडा. कुणीतरी जीव लावून शिवलेली. फेकून द्यायला मन होईना, म्हणून पायलने ती गरम पाण्यात धुऊन परत माळ्यावर ठेवून दिली. ताप भरला त्या दिवशी दिपूला हुडहुडी भरली, तेव्हा ती पहिल्यांदा खाली आली. पुढे ती पायथ्याशी घडी करून पडून होती.

मी गोधडी ओढून काढली. आत दिपू लालबुंद झालेली, केस कपाळाला चिकटलेले, श्वास भराभर. थर्मामीटर लावला तर ताप आणखी चढलेला. खिडकी उघडली, पंखा लावला, कोमट पाण्याने अंग पुसायला बसलो. पाय पुसताना वास आला. तिच्या तळपायांना कच्च्या कांद्याचा वास येत होता. कुणीतरी कांदा चोळला होता.

मला शीलाकाकूंचा राग आला. पण बोललो हळूच. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अरे, मी आलेच नाय. दूध उतू चाललेलं, तिथेच उभी होते." मी म्हटलं, बरं. मनात म्हटलं, म्हातारपणी माणूस खोटंही किती निरागसपणे बोलतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात पेज गाळत होतो. पलंग तिथून दिसत नाही, पण पंख्याचा आवाज येतो. तो आवाज थांबला. मला वाटलं लाईट गेली. वर बघतो तर स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. हातातलं पातेलं तसंच ठेवून बाहेर आलो. खिडकी बंद. पंख्याचं बटण बंद. दिपूच्या हनुवटीपर्यंत गोधडी, दोन्ही बाजूंनी नीट आत खोचलेली. आणि तोच वास.

आता मात्र माझा संयम सुटला. समोरचं दार वाजवलं.

"काकू, चावी द्या."

"कसली रे?"

"आमच्या घराची. तुमची माया मला कळते, पण डॉक्टरांनी पांघरूण नको सांगितलंय. पोरीला काही झालं तर..."

काकूंनी खिळ्यावरची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "राजरत्न," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला राजूच म्हणतात. "मी दृष्ट काढीन. तू नको म्हटलंस तरी गुपचूप काढीन. पण पोराला गोधडीत नाय रे गुंडाळणार. या घरात तर नायच."

"या घरात म्हणजे?"

त्यांनी दार लावून घेतलं. मला वाटलं, रुसल्या.

घरात येऊन मी गोधडीची घडी केली, माळ्यावर टाकली आणि तिच्यावर आमची सगळ्यात जड बॅग ठेवली. खाली उतरलो तेव्हा दिपू जागी होती. तिला घोटघोट पाणी पाजलं.

"पप्पा, ती गेली?"

"कोण गं?"

"गोधडीवाली. सारखी विचारते..." तिने ओठ ओले केले. "घाम आला का... घाम आला का..."

तापात मुलं बरळतात, हे मला माहीत होतं. बरळली तर काय बघायचं तेही माहीत होतं. तिला तिचं नाव विचारलं, माझं विचारलं, बोटं मोजायला लावली. सगळं बरोबर. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ओळखतेय, पाणी पितेय, म्हणजे थांबा, पण नजर हलवू नका. पायलला फोन केला तर ती म्हणाली, "राज, तुझा आवाज असा का येतोय? मी निघून येऊ का?" मी म्हटलं, नको गं, सगळं ठीक आहे. गोधडीचं मी तिला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? जिभेवर कापूर जाळणारा माणूस मी.

शुक्रवारी दुपारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवतात. त्या शुक्रवारीही गेली. पंखा गरगरत गरगरत थांबला आणि इमारत एकदम गप्प झाली. मुलं शाळेत, माणसं कामावर. दूर रुळांवर एक इंजिन उभ्या उभ्या घरघरत होतं, तेवढाच आवाज. मी दिपूच्या उशाशी बसलो होतो. औषध नुकतंच पाजलेलं. एका हाताने ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत होतो, दुसऱ्या हातातल्या पुठ्ठ्याने वारा घालत होतो. दोन्ही चाव्या माझ्या खिशात होत्या. दाराला आतून कडी होती. गोधडी माळ्यावर, बॅगेखाली. हे सगळं मी पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघत होतो. कित्येक दिवसांची झोप साचलेली होती. माझा डोळा लागला असणार.

जाग आली ती उकाड्याने आणि कांद्याच्या वासाने. इंजिनाचा आवाज येत नव्हता, कारण खिडकी बंद होती. मी घामाने निथळत होतो. हात वर करायला गेलो तर तो कशात तरी अडकला.

गोधडी अंगावर होती. दिपूच्या, आणि माझ्याही. लहान मुलाच्या मापाची ती गोधडी आम्हा दोघांना कशी पुरली, ते मला विचारू नका. माझ्या खांद्यापाशी ती अलगद आत खोचलेली होती. खरं सांगतो, पहिला क्षण भीतीचा नव्हता. आई गेल्यापासून मला कुणी असं पांघरूण घातलं नव्हतं. क्षणभर मला फार बरं वाटलं, आणि त्याचीच मला अजूनही जास्त भीती वाटते.

मग दिपूला हात लागला. तिचं अंग कोरडं होतं आणि हाताला चटका बसत होता. डोळे अर्धवट उघडे, आत नुसतं पांढरं. बोटं आपोआप हलत होती. डोळे फिरवले तर उचलायचं आणि आणायचं. मी गोधडीला हात घातला आणि जोरात ओढली.

ती आली नाही. पायथ्याकडून कुणीतरी दुसरं टोक धरलं होतं.

तिकडे कुणी दिसत नव्हतं. पलंगाचा कठडा होता, बंद खिडकी होती, पडद्यातून आलेला पिवळट उजेड होता. गोधडी मात्र ताठ ताणलेली होती. आणि अगदी जवळून, दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारची बाई विचारते तशा थकलेल्या आवाजात, कुणीतरी विचारलं,

"घाम आला का?"

भानामतीच्या मागे नेहमी माणूस असतो, असं मी वर्गात ठणकावून सांगतो. इथेही माणूसच होता. फक्त तो दिसत नव्हता.

"ताई..." मी पुटपुटलो. "सोडा. तिला वारा लागू द्या."

"नको... वारा नको... घाम येऊ दे. घाम आला की उतरतो..."

मी पुन्हा ओढलं. पलीकडची पकड आणखी घट्ट झाली. पण त्या ओढण्यात राग नव्हता. माझ्याइतकीच घाबरलेली होती ती. मी पोरीला वाचवायला उघडत होतो, ती वाचवायलाच झाकत होती. दोघांपैकी कुणीच सोडणार नव्हतं, आणि मधल्या मध्ये दिपू भाजत होती.

मग मला सुचलं. मी ओढणं थांबवलं. गोधडीखालून माझा हात, मनगटापासून कोपरापर्यंत घामाने भिजलेला, पायथ्याकडे पुढे केला.

"आला," मी म्हटलं. "हा बघा. आला घाम. हात लावून बघा..."

बराच वेळ काही झालं नाही. नंतर माझ्या मनगटावर बोटं टेकली. कोरडी, खरखरीत, गरम बोटं. ती कोपरापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. लबाडी कळली तर काय होईल, एवढंच डोक्यात होतं. बोटं निघाली. गोधडी एकदम सैल पडली.

मी दिपूला उचललं, कडी काढली आणि ओरडलो, "काकू!"

शीलाकाकू धावत आल्या. पलंगाकडे त्यांची नजर गेली आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. "ही... ही इथे कशी?" गोधडीकडे बघत त्या पुटपुटल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "ते जाऊ दे. आधी पोरीला घेऊन चल."

रिक्षात वारा लागला तशी दिपूने डोळे मिटून उघडले आणि माझ्याकडे बघितलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत औषधही लागू पडत होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. झटका आला नाही. दिवेलागणीला दिपूच्या मानेवर, कानामागे, बारीक घाम दिसू लागला. मी तिथेच तोंड फिरवून रडलो. त्यानंतर ताप हळूहळू उतरत गेला आणि परत चढला नाही.

शीलाकाकूंना मी चावी परत द्यायला गेलो. माफी मागितली. त्यांनी चावी खिळ्याला अडकवली, मला बसवलं, आणि मग सांगितलं. आमच्याआधी त्या घरात दर्शना नावाची बाई राहायची. तिचा साईनाथ दिपूच्याच वयाचा. त्याला असाच ताप आलेला.

"मीच सांगितलं तिला, घाम काढ म्हणून," काकू म्हणाल्या. "मजल्यावरच्या सगळ्याच सांगत होतो. कांदा चोळ, गुंडाळून ठेव, घाम आला की उतरेल. आमच्याकडे असंच करत आलेत रे. तिने मनापासून केलं. त्या दुपारी शेवटी आम्हीच घाबरलो, म्हटलं, काढ गं ती गोधडी, डॉक्टरकडे नेऊ. ती कुणाला हात लावू देईना. थांबा म्हणे, येईल घाम..." साईनाथ वाचला नाही.

"आणि दर्शना? ती कधी वारली?"

काकूंनी दचकून माझ्याकडे बघितलं. "वारली? काहीतरीच काय! शीळफाट्याला असते ती, भावाकडे. परवाच फोन झाला."

मी उठून घरी आलो. त्या शुक्रवारनंतर गोधडी पायलने पुन्हा धुतली होती, गच्चीवर कडक उन्हात वाळवली होती. मी ती एका पिशवीत घातली. तिची चीज तिला परत द्यावी, एवढंच मनात होतं. दिपूला काकूंजवळ ठेवलं आणि निघालो.

शीळफाट्याला नेहमीची धूळ, कंटेनरांची रांग, हॉर्न. रस्त्याकडेला दर्शनाच्या भावाची भजीपावची टपरी होती. भाऊ तेलाच्या कढईपाशी. मागच्या बाकड्यावर एक बाई कांदे चिरत बसली होती. साधी, सडपातळ, डोळ्यांखाली काळं. मी जवळ गेलो आणि तो वास आला. कांदे चिरणाऱ्या बाईच्या हातांना कांद्याचाच वास येणार, असं मी स्वतःला सांगितलं.

"मी विठ्ठलवाडीहून आलो. तुमच्या जुन्या घरात राहतो," एवढंच म्हटलं.

तिने वर बघितलं. "उतरला ना तिचा?"

मी दिपूबद्दल एक शब्द काढला नव्हता. काकूंना विचारलं नंतर. त्यांनीही सांगितलं नव्हतं.

"दुपारी मला इथेच जरा डोळा लागतो," ती सुरी न थांबवता म्हणाली. "स्वप्न नेहमी एकच. ते घर. मी खिडकी लावते, पंखा बंद करते. इतकी वर्षं पलंग रिकामा असायचा, दादा. परवापरवा त्यावर एक पोर असायची. तापलेली." ती थांबली. "शुक्रवारी कुणीतरी माझ्या हातात हात दिला. घामाने ओला. पण तो मोठ्या माणसाचा होता."

मी नकळत माझं मनगट पिशवीमागे घेतलं.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "तरी गोधडी सोडली. म्हटलं, याला तरी काढू दे."

मी मान खाली घालून पिशवीतून गोधडी काढली. तिची सुरी थांबली. हात पदराला पुसून तिने ती घेतली आणि हिरव्या काठाच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"कुठे मिळाली?"

"माळ्यावर. आम्ही राहायला आलो तेव्हापासून होती."

"हा माझ्या लग्नातल्या साडीचा काठ." तिचा आवाज अगदी शांत होता. "ही मी त्याच्याबरोबर दिली होती. पुरताना. माझ्या हातांनी गुंडाळून... मातीत ठेवताना मी स्वतः बघितलंय."

टपरीपुढून एक कंटेनर गेला. धूळ खाली बसली. तिने गोधडी मांडीवर घेतली, तळहाताने चाचपली, आणि तिचा हात मधोमध थांबला.

"ओली आहे."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "उन्हात वाळवून आणलीय." मी हात लावला. कडा कोरड्या खडखडीत होत्या. मधला भाग मात्र ओलसर होता. कोमट होता. लहान मूल अंग मुडपून निजलं तर जेवढी जागा लागेल, तेवढाच.

तिने ओलं बोट जिभेला लावलं. माझ्याकडे बघितलं. कुणाचं तोंड असं उजळलेलं मी त्यापूर्वी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा मला बघायचंही नाही.

"दादा," ती म्हणाली, "घाम आला."

मग तिने घडीचा एकेक पदर हळूहळू उलगडायला सुरुवात केली, आतल्याला जाग येऊ नये अशा बेताने.

"आता काढते," ती म्हणाली. "वारा लागू दे त्याला."